चौघांचे घर राखणारे श्रीनिवृत्तिनाथ

पौष वद्य एकादशीला जे वारकरी त्र्यंबकेश्वरी जातात त्यांना आम्ही वेगळे काय सांगावे? कुशावर्तावर स्नान करावे, थंडीने दातावर दात वाजत असताना दिंडीत उभे राहावे, आणि ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी थोरल्या महाराजांच्या समाधीवर डोके ठेवावे, हा ज्यांचा वर्षाचा नेम आहे, त्यांना निवृत्तिनाथ कोण असे विचारले तर उत्तर ओठांवरच असते, की ते ज्ञानोबारायांचे सद्गुरू. उत्तर खरे आहे. त्यात एक अक्षर कमी करायचे नाही. परंतु गुरू होण्याच्या आधी ते थोरले भाऊ होते, आणि आईबापांवेगळ्या झालेल्या तीन लेकरांना सांभाळणारे होते, ही गोष्ट रेड्याच्या आणि भिंतीच्या कथांच्या गर्दीत मागे पडून जाते. भावंडांची नावे घेताना आपण निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई असे थोरल्यापासून म्हणतो खरे, पण कथा सांगू लागलो की पहिले नाव ओलांडून दुसऱ्यावर जातो. कीर्तनकारांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही, आम्हीही तेच करीत आलो. या वेळी मात्र थोरल्यापाशी थोडे थांबावे असे मनात आहे.

जन्मशकाविषयी दोन परंपरा आहेत. एकीप्रमाणे निवृत्तिनाथांचा जन्म शके ११९५ (सन १२७३), ज्ञानदेवांचा ११९७, सोपानदेवांचा ११९९ आणि मुक्ताईचा १२०१. दुसरी परंपरा जनाबाईंच्या नावावरील अभंगाच्या आधाराने हेच शक ११९०, ११९३, ११९६ आणि ११९९ असे सांगते. आम्ही येथे पहिलीच धरतो. वारकऱ्यांच्या तोंडी तीच आहे. कोणतीही धरा, थोरला आणि धाकटी यांत अंतर सहा ते नऊ वर्षांचे. म्हणजे सांभाळणारा आणि सांभाळायची पोरं यांत फार मोठे अंतर नव्हते, हे ध्यानात असू द्यावे.

घराणे पैठणजवळ गोदाकाठच्या आपेगावचे, कुळकर्णपणाचे. पणजोबा त्र्यंबकपंतांवर गोरक्षनाथांची आणि आजोबा गोविंदपंतांवर गहिनीनाथांची कृपा झाली होती असे परंपरा सांगते. गोविंदपंतांचे चिरंजीव विठ्ठलपंत तीर्थयात्रा करीत आळंदीस आले. तेथील सिधोपंत कुळकर्ण्यांनी त्यांचे वैराग्य आणि विद्या पाहून आपली कन्या रुक्मिणी त्यांना दिली. पण विठ्ठलपंतांचे चित्त संसारात रमेना. मूलबाळ होत नव्हते तेही एक निमित्त झाले. एके दिवशी ते निघाले, थेट काशीस गेले, आपल्याला बायकापोरांचा पाश नाही असे सांगून संन्यास घेतला. इकडे रुक्मिणीबाई आळंदीत सुवर्णपिंपळाला प्रदक्षिणा घालीत राहिल्या. पुढे विठ्ठलपंतांचे गुरुस्वामी रामेश्वराकडे जाता जाता आळंदीस उतरले, नमस्कार करणाऱ्या या बाईला त्यांनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला, आणि मग खरा प्रकार उघडकीस आला. स्वामी तसेच माघारी वळले आणि शिष्याला त्यांनी पुन्हा गृहस्थाश्रमात धाडला.

हा सारा भाग तुम्हाला पाठ आहे. आम्ही तो एवढ्यासाठी पुन्हा सांगितला की, या घरात एक माणूस घर टाकून गेलेला होता. गुरूच्या आज्ञेने परत आला खरा, पण गावाने ते परत येणे मानले नाही. संन्याशाने संसार मांडला म्हणून वाळीत टाकले. चार मुले झाली ती बहिष्कारातच. संन्याशाची पोरं हेच त्यांचे गावातले नाव. निवृत्तिनाथ मुंजीच्या वयाचे झाले तरी मुंज लावायला कोणी येईना. वाट्याला आलेला अपमान कळण्याइतका मोठा त्या वेळी एकटा थोरलाच होता. धाकटी अजून अंगणात खेळत होती.

मुंजीची वाट बंद झाली तेव्हा विठ्ठलपंत बायकामुलांना घेऊन त्र्यंबकेश्वरी गेले आणि ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेचे अनुष्ठान त्यांनी आरंभिले. ब्रह्मगिरीची वाट ज्यांनी चालून पाहिली असेल त्यांना ती चढण आणि ते रान माहीत आहे. आज पायऱ्या आहेत, माणसांची वर्दळ आहे. त्या काळी भरदिवसाही जंगल अंगावर येत असेल. एके रात्री प्रदक्षिणा चालू असताना वाघ आडवा आला, सर्वांची पळापळ झाली, आणि सारे पुन्हा एकत्र आले तेव्हा निवृत्ती त्यांत नव्हते. आईबापांची काय अवस्था झाली असेल! तिकडे मुलगा पळत पळत एका गुहेत शिरला. गुहेत गहिनीनाथ बसले होते. ज्यांनी आजोबांवर कृपा केली त्यांच्याच पायांशी नातू वाघाच्या भयाने येऊन पडला.

आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ आणि त्यांच्यापासून निवृत्तिनाथ, अशी ही परंपरा ज्ञानोबारायांनीच ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी सांगून ठेवली आहे. गहिनीनाथांनी या मुलाला योगाची दीक्षा दिली, त्याबरोबर कृष्णभक्तीही दिली, आणि कलीने गांजलेल्या जीवांना सोडवण्याचे काम अंगावर टाकले. मग त्याला घरी पाठविले. ही शेवटची गोष्ट आम्हाला मोठी वाटते. नाथपंथाचा योगी गुहेत बसतो. शिष्यालाही तेथेच ठेवून घेता आले असते. मुलाचे तरी गावात काय राहिले होते? मुंज नाही, मान नाही, पुढे जातीत लग्न नाही. गुहेत सारे मिळाले असताना निवृत्तिनाथ डोंगर उतरून पुन्हा त्या वाळीत टाकलेल्या घरात आले.

त्यानंतर जे घडले ते सांगताना अजूनही जड जाते. विठ्ठलपंतांनी ब्रह्मवृंदापुढे हात जोडले, मुलांना तरी पदरात घ्या म्हणून विनविले. संन्यास मोडून संसार करणाऱ्याला देहान्तावाचून प्रायश्चित्त नाही, असा निर्णय मिळाला. पतिपत्नींनी तो मान्य केला. लेकरांना मागे ठेवून दोघे निघाली आणि प्रयागी त्रिवेणीसंगमात त्यांनी देह ठेवला असे संतचरित्रकार सांगतात. आपण गेल्यावर तरी गाव मुलांना जवळ करील, हीच त्यांची आशा होती. ती आशाही फुकट गेली. आईबाप गेले आणि बहिष्कार तसाच राहिला.

आता वाचकहो, आपल्या गावाकडची रीत आठवून पाहा. घरातला कर्ता आणि बाई दोघेही गेली की पोरांचे काय होते? एक आजोळी जातो, एकाला चुलता नेतो, मुलगी असली तर ती कोणाच्या तरी घरी पाणी भरायला आणि पोरं सांभाळायला राहते. चार दिशांना चार पानं उडून जातात. पुढे वर्षांनी लग्नकार्यात भेटली तर एकमेकांची ओळख पटवून द्यावी लागते. यांना तर तसे वाटून घ्यायलाही कोणी पुढे येत नव्हते. म्हणजे दोनच गोष्टी संभवत होत्या. एक तर भिक्षेच्या मागे लागून चौघे चार वाटांनी पांगतील, नाही तर थोरल्याने धरून ठेवले तर एकत्र राहतील.

आणि थोरला कोण? ज्याचे नावच निवृत्ती. ज्याला संसाराची ओढ नाही, लौकिकाची चाड नाही, ज्याचा गुरू डोंगरात बसला आहे आणि ज्याला परत यायला वाट ठाऊक आहे. बापाने एकदा घर टाकून पाहिले होते. तीच वाट धरायला मुलाला कोणी अडविले नसते. उलट योग्याला शोभण्यासारखेच झाले असते. व्यवहारी माणूस तर म्हणेल की लहान लेकरे सोपविण्याजोगा हा माणूसच नव्हे. आमचेही मन कधी कधी तसेच म्हणते. पण निवृत्तिनाथ गुहेकडे वळले नाहीत. कोरान्न मागावे, मिळेल ते चौघांनी वाटून खावे, आणि जिथे जायचे तिथे चौघांनी मिळून जावे, असा त्यांचा प्रपंच सुरू झाला. गहिनीनाथांपाशी जे मिळाले होते ते त्यांनी धाकट्यांना दिले. ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई तिघेही त्यांचे अनुगृहीत. आई, बाप, भाऊ आणि गुरू अशी चार नाती त्या एका पोरसवदा देहात येऊन बसली.

सांभाळणारा म्हटला की तो हुकूम सोडतो असा आपला अनुभव असतो. निवृत्तिनाथांचे तसे नव्हते, याचा दाखला नामदेवरायांच्या आदीच्या अभंगांत आहे. शुद्धिपत्र आणावे की नाही यावर भावंडांत मतभेद झाला. निवृत्तिनाथांना शुद्धिपत्राचे महत्त्व वाटत नव्हते. आपण देह नव्हे, वर्ण नव्हे, मग कोणाच्या कागदाने आपण शुद्ध व्हायचे, असा त्यांचा विचार. सोपानदेवही त्याच बाजूचे. भक्ती खरी, कुळाचे काय घेऊन बसलात, असे त्यांचे म्हणणे. ज्ञानदेवांचे मत निराळे पडले. ज्ञानी झाला तरी त्याने शास्त्राची वाट मोडू नये, लोक त्याच्याकडे पाहून चालतात, म्हणून पैठणास जाऊन विद्वानांची आज्ञा घ्यावी असे त्यांनी मांडले. येथे थोरला आणि गुरू या दोन्ही अधिकारांनी निवृत्तिनाथांना आपला शब्द चालविता आला असता. त्यांनी तो चालविला नाही. धाकट्याच्या म्हणण्याला मान देऊन चौघे मिळून पैठणची वाट चालू लागले. एका कागदासाठी, ज्याची थोरल्याला गरज वाटत नव्हती, एवढी पायपीट! घर एकत्र ठेवायचे असेल तर कोणत्या गोष्टीत आपला हेका सोडायचा, हे त्यांना त्या वयात कळले होते. आमच्या घरांतून भावाभावांच्या वाटण्या बांधाच्या एका हातावरून होतात, म्हणून हा प्रसंग वाचताना आम्हाला लाज वाटते.

पैठणचा वृत्तान्त थोडक्यात सांगतो. विद्वानांनी पोथ्या पाहिल्या आणि अशा मुलांना शास्त्रात प्रायश्चित्त नाही, एक अनन्य भक्ती तेवढी आहे, भूतमात्राला वंदन करीत राहावे, असे सांगितले. निवृत्तिनाथांना याहून आवडते दुसरे काय सांगता आले असते? मग कोणी टवाळखोरांनी मुलांच्या नावांचे अर्थ विचारले, पलीकडून येणाऱ्या रेड्याचेही नाव ज्ञाना आहे म्हणून हिणविले, आणि त्यातून रेड्यामुखी वेद वदविण्याचा प्रसंग घडला. तो सर्वांना ठाऊक आहे. शुद्धिपत्राचा शक परंपरेत १२०९ (सन १२८७) असा देतात. आमच्या हिशेबाने तेव्हा निवृत्तिनाथ चौदा वर्षांचे, ज्ञानदेव बारा, सोपानदेव दहा आणि मुक्ताई आठ. परतताना तो रेडाही त्यांच्याबरोबर निघाला आणि जुन्नरजवळ आळे येथे त्याची समाधी आहे. आधीच चौघांचे पोट हातावर, त्यात एक रेडाही या घरात आला.

पैठणहून ही मंडळी प्रवरेकाठी नेवाशास आली. सच्चिदानंदबाबांना जीवदान मिळाले ते येथेच. येथेच निवृत्तिनाथांनी ज्ञानदेवांना गीतेचा अर्थ मराठीत सांगण्याची आज्ञा केली. ज्या खांबाला टेकून ज्ञानदेव बसले तो पैसाचा खांब नेवाशास आजही आहे. शके १२१२ (सन १२९०) मध्ये ग्रंथ पुरा झाला. नऊ हजारांच्या आसपास ओव्या, लेखक सच्चिदानंदबाबा, सांगणारा पंधरा वर्षांचा आणि समोर बसून ऐकणारा गुरू सतरा वर्षांचा. ज्ञानेश्वरी वाचताना एक गोष्ट आम्हाला फार गोड वाटते. ज्ञानदेव गुरुस्तवनात रंगून जातात, थांबत नाहीत, आणि मग निवृत्तिनाथ त्यांना मध्येच थांबवितात, आता पुरे, मूळ अर्थाकडे वळ असे सुचवितात. स्वतःची स्तुती थांबविणारा हा श्रोता. धाकट्या भावाच्या मुखातून एवढा ग्रंथ निघतो आहे, सभा डोलते आहे, आणि आपण समोर बसून फक्त ऐकायचे, हे थोरल्या भावाला सोपे नसते. त्यांच्या मनात हेवा शिवला असता तर ते घर तेथेच फुटले असते. उलट ग्रंथ पुरा झाल्यावर ही तर गीतेवरची टीका झाली, आता तुझा स्वतःचा अनुभव सांग, असे त्यांनीच सुचविले आणि अनुभवामृत झाले, अशी परंपरा आहे. निवृत्तिनाथांच्या नावावर हरिपाठ आहे आणि अभंगही आहेत, पण त्यांची खरी रचना म्हणजे ही तीन भावंडे, असे आम्ही म्हटले तर कोणी आक्षेप घेऊ नये.

आळंदीत परत आल्यावर सारे सुरळीत झाले असे नाही. शुद्धिपत्र आणले तरी मने शुद्ध व्हायला वेळ लागतो. विसोबा चाटी म्हणून एक गृहस्थ या मुलांचा फार द्वेष करीत. एकदा निवृत्तिनाथांना मांडे खावेसे वाटले. त्यांच्या चरित्रात त्यांनी स्वतःसाठी काही मागितले असे आम्हाला एवढेच आढळते. योगी खरे, पण वय काय होते ते पाहा. सणावारी दुसऱ्यांच्या घरून येणारा वास त्यांनाही येत असेलच. मुक्ताईला केवढा आनंद झाला! दादांनी मागितले म्हणून पोर खापर आणायला कुंभारवाड्यात धावली. विसोबांनी आधीच कुंभारांना दम भरून ठेवला होता. कोणी खापर देईना. रिकाम्या हाताने ती रडत घरी आली. तेव्हा ज्ञानदेवांनी जठराग्नी प्रदीप्त केला, पाठ तापवून तव्यासारखी लाल केली आणि मुक्ताईने तिच्यावर मांडे भाजले. विसोबा लपून पाहत होते. त्यांचा सारा ताठा गळाला, आत येऊन त्यांनी ताटातले उच्छिष्ट उचलून तोंडात घातले. हेच पुढे विसोबा खेचर, औंढ्या नागनाथी नामदेवरायांचे गुरू झाले. कथा चमत्काराची आहे, महिपतींसारख्या चरित्रकारांनी ती रंगवून सांगितली आहे. आम्हाला मात्र तिच्यात चूल दिसते. चौघांना एकमेकांवाचून कोणी नाही, एकाची इच्छा झाली तर एक धावतो आणि एक आपली पाठ पुढे करतो.

ताटीचा प्रसंग असाच. लोकांच्या बोलण्याने खिन्न होऊन ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून बसले आणि धाकट्या मुक्ताईने बाहेर उभे राहून त्यांची समजूत काढली. ताटीचे अभंग म्हणून ते आपण म्हणतो. ज्या घरात सर्वांत धाकटी बहीण थोर भावाला वडीलकीने चार शब्द सांगू शकते, त्या घरचे वळण कसे असेल! ते वळण लावणारा ओसरीवर गप्प बसलेला असेल, असे आमच्या डोळ्यांपुढे येते. चांगदेवांचे कोरे पत्र आले तेव्हाही निवृत्तिनाथांनी उत्तर स्वतः लिहिले नाही, ज्ञानदेवांना लिहायला सांगितले. त्या पासष्ट ओव्या म्हणजे चांगदेव पासष्टी. आणि पुढे चांगदेवांची गुरू झाली मुक्ताई. सर्वांना पुढे करून आपण मागे राहण्याची ही रीत त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

शेवट मात्र त्यांच्याच अंगावर आला.

शके १२१८ (सन १२९६). ज्ञानदेवांनी समाधीची आज्ञा मागितली. आज्ञा द्यायची ती गुरूने, आणि गुरू म्हणजे हाच भाऊ. कार्तिक वद्य त्रयोदशीला इंद्रायणीकाठी संतमेळा जमला. नामदेवरायांच्या मुलांनी जागा झाडून साफ केली. निवृत्तिनाथांनी हाताला धरून ज्ञानदेवांना विवरात नेऊन आसनावर बसविले, बाहेर आले आणि शिळा लावली. नामदेवरायांनी ते सारे जवळून पाहिले आणि समाधीच्या अभंगांत लिहून ठेवले. त्यात निवृत्तिनाथांचा शोक आहे. मन आवरू म्हणता आवरत नाही, आईबाप टाकून गेले तेव्हाही असे संकट वाटले नव्हते, अशा अर्थाचे त्यांचे बोल नामदेवरायांनी दिले आहेत. आणि पेंढीचा आळा सुटून गवत रानोमाळ पांगावे असा दृष्टान्तही तेथेच आहे. ज्ञानी पुरुषाने शोक करावा का, यावर पंडितांनी वाद घालावा. आम्हाला त्या अभंगांपाशी वाद सुचत नाही. नऊ-दहा वर्षे त्या माणसाने ती पेंढी दोन्ही हातांनी आवळून धरली होती. आळा सोडायचे कामही त्यालाच करावे लागले.

बरोबर एक महिन्याने, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला, कऱ्हेकाठी सासवडास सोपानदेवांनी समाधी घेतली. तेथेही निवृत्तिनाथ उभे होते. पुढे पुणतांब्यास चांगदेव समाधिस्थ झाले. आता बरोबर उरली एकटी मुक्ताई. दोघे भाऊ गेल्यापासून तिचे अन्नपाण्यावरचे मन उडाले होते. निवृत्तिनाथ तिला घेऊन संतांसह गोदाकाठ सोडून वेरूळवरून उत्तरेकडे तापीतीराला निघाले. शके १२१९ च्या वैशाखात तापीकाठी मेहूणच्या परिसरात एकाएकी वादळ सुटले, वीज कडाडली, आणि डोळे उघडून पाहतात तो मुक्ताई नाही. भावांच्या समाध्या तरी होत्या. बहिणीची तीही खूण हाती राहिली नाही. वय अठराचे. जिला त्यांनी हाताला धरून आळंदीहून पैठणास नेले, ती त्यांच्या शेजारून नाहीशी झाली.

मग ते त्र्यंबकेश्वरी आले. त्यांच्यामागे आता कोणी सांभाळायचे उरले नव्हते. लहानपणी ज्या डोंगरात वाघाने त्यांना गुरूकडे पळविले होते आणि जेथून ते घरच्यांसाठी खाली उतरले होते, त्याच ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी त्यांनी त्याच वर्षीच्या ज्येष्ठात समाधी घेतली. ज्ञानदेवांना जाऊन आठ महिनेही झाले नव्हते. वय चोवीस.

चौघांची ठिकाणे चार झाली. आळंदी इंद्रायणीवर, सासवड कऱ्हेवर, मुक्ताईचे स्थान तापीवर आणि थोरले महाराज गोदेच्या उगमाशी. आषाढीला चारही ठिकाणांहून पालख्या निघतात. मुक्ताईची वाट सर्वांत लांबची. खानदेशातून ती महिनाभराहून अधिक चालत येते. त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी ज्येष्ठातच निघते. माउली आणि सोपानदेव यांची बंधुभेट पंढरपूरच्या अलीकडे वाटेवरच होते, तेथे पालखीला पालखी भेटताना डोळे कोरडे ठेवणारा वारकरी आम्ही पाहिला नाही. आणि मग वाखरीचा तळ. सर्व संतांच्या पालख्या तेथे एकत्र येतात. सात-साडेसातशे वर्षे झाली. माणसे चिखलातून, पावसातून चालून दमलेली असतात, पायांना फोड आलेले असतात, तरी संध्याकाळी तळावर एक चौकशी ऐकू येतेच: त्र्यंबकेश्वरची पालखी पोचली का, मुक्ताई आली का. कोणीतरी सांगते की पोचली, पलीकडे उतरली आहे, आणि विचारणारा निवांत होऊन आपल्या दिंडीकडे जेवायला जातो.